प्लेटलेट कमी आल्या. हाडातली तपासणी करायची की नाही?

पावसाळा लागला की वस्तीत घरोघरी रक्ताचे रिपोर्ट येऊ लागतात. रिपोर्टवर एका आकड्यासमोर बाण काढलेला असतो आणि सगळे घर त्या आकड्याभोवती बसते. "पेशी कमी झाल्यात" ही बातमी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. कुणी पपईच्या पानांचा रस सांगतो, कुणी महागडे किवी फळ घेऊन येतो, कुणी रक्तपेढीत ओळख आहे का म्हणून फोन फिरवू लागतो. त्यातच डॉक्टर म्हणाले, "बोन मॅरो करून बघावी लागेल," तर घरच्यांच्या मनात दोनच शब्द येतात. एक कॅन्सर आणि दुसरा कर्ज.

म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे. प्लेटलेट कमी आलेल्या बहुतेक माणसांना हाडातल्या तपासणीची गरज नसते. पण काहींना ती असते, आणि त्यांनी भीतीपोटी किंवा पैशापोटी ती टाळली तर जीवावर बेतू शकते. दोन्ही बाजूंनी चूक महाग पडते. निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचा आहे, पण संमतीच्या कागदावर सही आपली असते. सही करण्याआधी आणि नकार देण्याआधीही आपल्याला काय समजले पाहिजे, ते पाहू.

प्लेटलेट म्हणजे पांढऱ्या पेशी नव्हेत

डेंग्यूच्या काळात आपल्याकडे "पांढऱ्या पेशी कमी झाल्या" असे सर्रास म्हणतात. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा प्लेटलेट असतात. हा घोळ आधी दूर करू. रक्तात तीन प्रकारच्या पेशी असतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि प्लेटलेट रक्त थांबवतात. बोट कापले की जखमेवर पहिले बूच प्लेटलेट बसवतात. मराठीत त्यांना बिंबिका म्हणतात, पण दवाखान्यात तो शब्द कुणी वापरत नाही, म्हणून आम्हीही प्लेटलेटच म्हणतो.

या तिन्ही पेशी हाडांच्या पोकळीतल्या मगजात तयार होतात. त्यालाच बोन मॅरो म्हणतात. एक प्लेटलेट साधारण ७ ते १० दिवस जगते. म्हणजे हाडातला कारखाना रोज नवा माल पाठवत असतो आणि जुना माल शरीर मोडीत काढत असते.

निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. रिपोर्ट वाचताना एकक जरूर पाहा. कुठे १,२०,००० लिहितात, कुठे १.२ लाख, तर कुठे नुसते १२० लिहून पुढे हजाराचे चिन्ह देतात. तिन्हींचा अर्थ एकच. नुसता "१२०" आकडा पाहून हातपाय गळालेली घरे आपल्या आसपास कमी नाहीत.

आधी आकडा खरा आहे का ते पाहा

रक्त मोजणारे यंत्र हुशार असले तरी ते फसते. सीबीसीचे रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात. ते गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये एक रसायन असते. काही माणसांच्या प्लेटलेट त्या रसायनामुळे ट्यूबमध्येच एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात. यंत्राला गुठळी मोजता येत नाही, म्हणून आकडा खोटाच कमी येतो. अशा माणसाच्या अंगातल्या प्लेटलेट ठणठणीत असतात. रक्त घेताना सुई नीट लागली नाही किंवा ट्यूब नीट हलवली नाही, तरीही असे होते. काहींच्या प्लेटलेट जन्मतःच आकाराने मोठ्या असतात. त्याही यंत्राच्या नजरेतून सुटतात.

यावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. याला स्मिअर म्हणतात. गुठळ्या दिसल्या तर निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेऊन मोजता येते. माणूस हिंडता-फिरता आहे, कुठे डाग नाही, रक्त जात नाही आणि रिपोर्टवर अचानक ४०,००० आले आहेत, तर पहिले वाक्य हेच असावे: "डॉक्टर, स्मिअर पाहिला का?" स्मिअर न पाहता कुणी थेट हाडातल्या तपासणीची भाषा करत असेल, तर हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही.

किती कमी म्हणजे काळजी

दीड लाखाच्या खाली आकडा गेला की रिपोर्टवर बाण येतो, पण बाण म्हणजे धोका नव्हे. ५०,००० च्या वर प्लेटलेट असतील आणि बाकी काही बिघाड नसेल, तर आपोआप रक्तस्राव सहसा होत नाही. बहुतेक शस्त्रक्रियाही या आकड्यावर करता येतात. त्याखाली गेल्यावर मार लागला तर जास्त रक्त जाते आणि निळे डाग पटकन उठतात. १०,००० च्या खाली मात्र काही न लागताही गंभीर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तरीही एकट्या आकड्यावर काही ठरत नाही. माणूस कसा आहे, आकडा किती दिवसांपासून कमी आहे, घसरतो आहे की स्थिर आहे आणि बाकीच्या पेशी कशा आहेत, या चार गोष्टी जास्त बोलतात. जुना रिपोर्ट म्हणूनच फेकू नये. पाच वर्षांपूर्वीही १,१०,००० होत्या आणि आजही तेवढ्याच आहेत, हे कळले तर डॉक्टरांची अर्धी चिंता तिथेच मिटते.

माल कुठे कमी पडतो

प्लेटलेट तीन ठिकाणी कमी पडतात. एक तर कारखान्यातच माल कमी बनतो. दुसरे, माल भरपूर बनतो पण रस्त्यात नष्ट होतो. तिसरे, प्लीहा, म्हणजे डाव्या बरगडीखालचे पानथरी नावाचे इंद्रिय, सुजते आणि माल स्वतःतच कोंडून ठेवते.

हाडातली तपासणी म्हणजे कारखान्याची पाहणी. बिघाड रस्त्यात किंवा पानथरीत आहे हे दुसऱ्या मार्गाने कळत असेल, तर कारखाना उघडून पाहायचे कारण उरत नाही. सगळ्या निर्णयाचे मूळ इथे आहे.

सहसा गरज नसते ती कारणे

डेंग्यू, मलेरिया, लेप्टो आणि इतर विषाणूंचे ताप यांत प्लेटलेट पडतात आणि ताप गेल्यावर काही दिवसांत आपोआप चढतात. डेंग्यूत खरा धोका रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब पडण्याचा असतो. म्हणून ताप उतरतानाच्या दिवसांत पोटदुखी, सतत उलट्या, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे याकडे लक्ष हवे. रक्त जात नसताना नुसता आकडा वाढवायला प्लेटलेटची पिशवी चढवून रक्तस्राव टळत नाही, हे सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांनी केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पपईच्या पानांवर विसंबून दवाखाना लांबवू नये.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत काही बायकांच्या प्लेटलेट थोड्या उतरतात, बहुधा लाखाच्या आसपास राहतात आणि बाळंतपणानंतर पूर्ववत होतात. यात हाडाची तपासणी लागत नाही. पण रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने जरूर तपासावीत. रक्तदाब वाढून प्लेटलेट पडत असतील तर ते आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचे असते.

दारूमुळे किंवा काविळीच्या जुनाट विषाणूंमुळे लिव्हर कडक झाले की पानथरी वाढते. सोनोग्राफीत ते दिसते. दारू तर कारखान्यावरही थेट घाव घालते आणि दारू सुटली की बऱ्याच जणांचे आकडे सुधारतात.

विदर्भातल्या आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. सिकलसेलच्या लहान मुलाची पानथरी अचानक सुजून रक्त त्यात कोंडते. मूल पांढरेफटक पडते, पोटाची डावी बाजू फुगते, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही पडतात. तिथे हाडाच्या तपासणीचा विचार करत बसायचे नाही, त्याच घटकेला मोठा दवाखाना गाठायचा. सोबत सिकलसेलचे कार्ड न्यायचे.

काही औषधांनीही प्लेटलेट पडतात. मलेरियाचे क्विनाइन, क्षयरोगाचे रिफाम्पिसिन, फिट्सचे व्हॅलप्रोएट, काही सल्फा औषधे ही त्यातली. म्हणून गेल्या महिन्याभरात घेतलेली प्रत्येक गोळी, काढा आणि पुडी डॉक्टरांना दाखवा. मात्र क्षयरोगाचे किंवा फिट्सचे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आयटीपी: रस्त्यात माल फोडणारा आजार

समजा, सात वर्षांची मुलगी आहे. दोन-तीन आठवड्यांपूर्वी सर्दी-ताप येऊन गेला. आता पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आणि निळे डाग उठले आहेत. मुलगी खेळते, जेवते. रिपोर्टमध्ये प्लेटलेट १८,०००, पण हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी व्यवस्थित. ही बहुधा आयटीपीची गोष्ट असते. यात शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून स्वतःच्याच प्लेटलेट फोडते. कारखाना मात्र चालू असतो.

हे कसे कळले, त्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९५० मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात विल्यम हॅरिंग्टन नावाच्या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या रुग्णाचे रक्त स्वतःच्या अंगात टोचून घेतले. काही तासांत त्याच्या प्लेटलेट झपाट्याने पडल्या, तो आजारी पडला आणि काही दिवसांनी बरा झाला. त्याचा कारखाना निरोगी होता. तरी रुग्णाच्या रक्तातल्या कशाने तरी त्याच्या प्लेटलेट नष्ट केल्या. बिघाड हाडात नसून रक्तात फिरतो आहे, हे त्यातून पुढे आले.

अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संस्थेने १९९६ मध्ये साठीपुढच्या रुग्णांत हाडाची तपासणी योग्य मानली होती. २०११ मध्ये त्याच संस्थेने नवा सल्ला दिला. आयटीपीचे चित्र नेहमीसारखे स्पष्ट असेल तर रुग्ण मूल असो वा म्हातारा, ही तपासणी आवश्यक नाही. "नेहमीसारखे चित्र" म्हणजे फक्त प्लेटलेट कमी, बाकी पेशी ठीक, स्मिअर स्वच्छ, गाठी नाहीत, लिव्हर-पानथरी वाढलेली नाही, वजन घटलेले नाही.

आयटीपी झालेली बहुतेक मुले सहा महिन्यांत आपोआप बरी होतात. रक्त जात नसेल तर पुष्कळदा नुसते लक्ष ठेवणे हाच उपचार असतो. मोठ्या माणसांत तो जास्त काळ रेंगाळतो, पण ३०,००० च्या वर प्लेटलेट असतील आणि रक्त जात नसेल तर तिथेही बहुधा औषध न देता पाहत राहतात. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी मुळेही असेच चित्र दिसू शकते. म्हणून त्या दोन तपासण्या लाज न बाळगता करून घ्याव्यात.

इथे एक इशारा. वस्तीतल्या कुणा "डॉक्टर"कडून स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. मुलाला ब्लड कॅन्सर असेल तर स्टिरॉइडने तो थोडे दिवस झाकला जातो आणि नंतर निदान आणि उपचार दोन्ही अवघड होतात. आधी स्मिअर, मग स्टिरॉइड, हा क्रम पक्का धरा.

स्वस्तात सुटणारा पेच

समजा, पंचेचाळीस वर्षांची बाई आहे. थकवा, हातापायांना मुंग्या, जीभ गुळगुळीत. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ६, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट ७०,०००. तिन्ही पेशी कमी, म्हणजे कारखान्यात बिघाड, हे खरे. पण कच्च्या मालाअभावीही कारखाना बंद पडतो. बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी पडले तर नेमके हेच होते आणि आपल्या देशात ही कमतरता भरपूर आहे. तांबड्या पेशी आकाराने मोठ्या झालेल्या असतात. तो आकडा सीबीसीतच एमसीव्ही या नावाने छापलेला असतो. बी-१२ ची तपासणी आधी केली तर बऱ्याच जणांची हाडाची तपासणी टळते. मात्र "ताकदीचे इंजेक्शन" घेण्याआधी रक्त द्या. इंजेक्शननंतर बी-१२ चा आकडा वाढलेला दिसतो आणि निदान हरवते. उपचारानंतर काही आठवड्यांत तिन्ही पेशी चढल्या नाहीत, तर मात्र पुढची पायरी चढावी लागते.

तपासणी टाळू नये ती वेळ

पुढीलपैकी काही असेल आणि रक्तविकारतज्ज्ञाने हाडातली तपासणी सांगितली, तर ती लांबवू नका.

स्मिअरमध्ये कच्च्या किंवा विचित्र पेशी दिसल्या.
प्लेटलेटसोबत हिमोग्लोबिन किंवा पांढऱ्या पेशीही कमी आहेत आणि त्याचे साधे कारण सापडत नाही.
गळ्यात, काखेत, जांघेत गाठी आहेत, किंवा लिव्हर-पानथरी वाढली आहे आणि कारण कळत नाही.
बरेच दिवस ताप, रात्री घाम, वजन घटणे, हाडे दुखणे चालू आहे. मूल पाय दुखतात म्हणून चालायचे टाळते.
आयटीपी समजून उपचार दिले, पण गुण आला नाही किंवा नवीन लक्षणे आली.
वय साठीपुढे आहे, पेशी हळूहळू घसरत आहेत आणि तांबड्या पेशींचा आकारही बदलला आहे.

यामागे ब्लड कॅन्सर, कारखाना सुकत जाण्याचा ॲप्लास्टिक ॲनिमिया, म्हातारपणी कारखाना बिघडण्याचा आजार, किंवा मगजात शिरलेला क्षयरोग असू शकतो. यातल्या पुष्कळ आजारांवर उपचार आहेत, आणि मुलांचा सर्वसाधारण ब्लड कॅन्सर तर वेळेत उपचार मिळाले तर बहुसंख्य मुलांत बरा होतो. तपासणी टाळल्याने आजार टळत नाही, वाया जातो तो फक्त वेळ.

तपासणी कशी होते

"कमरेतून पाणी काढतात आणि माणूस अधू होतो" ही भीती आपल्याकडे खोल बसली आहे. पाठीतले पाणी काढणे ही वेगळी तपासणी आहे. बोन मॅरो कमरेच्या मागच्या बाजूला हाताला लागणाऱ्या उंच हाडातून काढतात. तिथे मज्जारज्जू नसतो, त्यामुळे पाय लुळे पडण्याचा प्रश्न येत नाही.

रुग्णाला कुशीवर किंवा पालथे झोपवतात. त्वचेला आणि हाडाच्या वरच्या थराला सुई देऊन बधिर करतात. लहान मुलांना गुंगीचे औषध देतात. मग जाड सुईने थोडा पातळ मगज ओढतात आणि गरज असेल तर हाडाचा दीड-दोन सेंटिमीटरचा बारीक तुकडा घेतात. ओढताना काही क्षण जोराची कळ येते, ते लपवण्यात अर्थ नाही. अर्ध्या तासाच्या आत काम आटोपते. नंतर तिथे दाबून धरतात, पट्टी बांधतात आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. चार-दोन दिवस ठणका राहतो. गंभीर त्रास हजारात एकापेक्षाही कमी जणांना होतो. प्लेटलेट कमी आहेत म्हणून ही तपासणी करता येत नाही असेही नाही, फक्त जास्त वेळ दाबून धरावे लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. पातळ मगजाचा रिपोर्ट लवकर येतो. हाडाच्या तुकड्याला जास्त दिवस लागतात.

पैशाचा प्रश्न

सावकाराच्या दारात जाण्याआधी सरकारी दवाखान्याच्या दारात जा. मुंबईत केईएम, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, छत्रपती संभाजीनगरात घाटी अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही तपासणी होते. जिल्हा रुग्णालयातून तिथे जाण्यासाठी चिठ्ठी मागा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, तेव्हा सीबीसी आणि स्मिअर तिथेच करून घ्या. पुढे मोठा आजार निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा आणि आपल्या आजाराचे काय काय योजनेत बसते ते भरती होण्याआधी विचारा.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

आकडा पुन्हा मोजला का आणि स्मिअर तज्ज्ञाने पाहिला का?
बी-१२, लिव्हर, एचआयव्ही, हिपॅटायटिस, सोनोग्राफी झाली का?
तुम्हाला नेमक्या कोणत्या आजाराची शंका आहे?
या तपासणीने उपचार बदलणार आहे का?
दोन आठवडे थांबून पुन्हा रक्त तपासले तर काय धोका आहे?

शेवटचे दोन प्रश्न सर्वांत मोलाचे आहेत. तपासणीने पुढचे काहीच बदलणार नसेल, तर ती थांबू शकते. आणि "थांबलो तर धोका आहे" असे उत्तर आले, तर त्याच दिवशी तयारीला लागा. प्रश्न विचारले म्हणून चिडणारे डॉक्टर भेटले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क आपल्याला आहे.

तोवर घरी काय सांभाळावे

अंगदुखीला ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नये. तापाला पॅरासिटामॉल चालते, तेही सांगितलेल्या मात्रेत. कमरेत किंवा दंडात इंजेक्शन टोचून घेऊ नये. मऊ ब्रश वापरावा, मुलांना मारामारीच्या आणि पडापडीच्या खेळांपासून दूर ठेवावे.

नाकातले रक्त पंधरा मिनिटे दाबूनही थांबत नसेल, हिरड्यांतून सतत रक्त येत असेल, शौचास डांबरासारखे काळे होत असेल, लघवी लाल होत असेल, पाळीत तासातासाला पॅड बदलावे लागत असेल, तर वाट पाहू नका. जोराची डोकेदुखी, उलट्या, असंबद्ध बोलणे, गुंगी, किंवा प्लेटलेट कमी असताना डोळे पिवळे पडून माणूस सुस्त होणे, ही तर रात्री दोन वाजताही १०८ ला फोन करण्याची लक्षणे आहेत.

एक काम आजच करा. घरातल्या प्रत्येकाचे रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून एका फाइलमध्ये ठेवा. वस्तीत कुणाच्या प्लेटलेट कमी आल्या तर रस आणि किवी सुचवण्याआधी त्याच्या रिपोर्टवरच्या बाकीच्या दोन ओळी वाचून दाखवा: हिमोग्लोबिन किती आणि पांढऱ्या पेशी किती. त्या दोन्ही ठीक असतील तर घरच्यांना धीर द्या आणि स्मिअर करून घ्यायला सांगा. त्याही पडल्या असतील, तर त्यांच्यासोबत दवाखान्यात जा.